घरात घुबड कशाला?

घरी आलेला पाहुणा चहा होईपर्यंत शोकेसपाशी जातो आणि विचारतोच, "अहो, घुबड कशाला ठेवलंय घरात? अपशकुनी असतं." परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

ते ग्रीसचं एक युरोचं नाणं आहे. हातात घेऊन बघा. अंग एका बाजूला वळलेलं, पण तोंड थेट आपल्याकडे, आणि चेहराभर नुसते डोळे. पाठीमागे ऑलिव्हची डहाळी, चंद्रकोर. अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या चांदीच्या नाण्यावर हेच चित्र होतं. साधारण १७ ग्रॅमचं जाडजूड नाणं, एका बाजूला शिरस्त्राण घातलेली अथेना देवी, दुसऱ्या बाजूला तिचं घुबड. लोक त्या नाण्यांना 'घुबडं'च म्हणत.

चांदी अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणीतली. तिच्यातूनच थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याने अथेन्सला आरमार बांधायला लावलं आणि इ.स.पू. ४८० मध्ये जवळच्याच सॅलॅमिस बेटापाशी इराणी आरमार हरलं. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो, लढाईआधी थेमिस्टोक्लीस बोलत असताना उजवीकडून एक घुबड आलं आणि डोलकाठीवर बसलं. बघणाऱ्यांना धीर आला. त्याच वर्षी इराण्यांनी अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सची देवळांची टेकडी, जाळली, त्यात अथेनाचं पवित्र ऑलिव्हचं झाडही जळालं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की दुसऱ्या दिवशी त्या बुंध्याला हातभर फुटवा आला होता. हे वाचताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

आणि हे घुबड आपल्याला परकंही नाही. पक्षिशास्त्रात त्याच्या वंशाचं नावच अथेनी, आणि आपला पिंगळा त्याच वंशातला. लहानपणी आमच्याकडे भल्या पहाटे कंदील घेऊन पिंगळा जोशी यायचा. त्याला पिंगळ्याची बोली कळते, असं सगळे मानायचे. आजी त्याला सुपातून ज्वारी घालायची, भविष्य विचारायची. त्या पक्ष्याला अभद्र म्हणताना मी तिला कधी ऐकलं नाही.

पिंगळ्याचा भाऊबंद रानपिंगळा तर १८८४ नंतर कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. नामशेष झाला म्हणून सोडून दिलेला हा पक्षी १९९७ मध्ये सापडला, तो आपल्या शहाद्याजवळच्या जंगलात.

पुढच्या वेळी दिवेलागणीला या. कुंपणाच्या चिंचेवर पिंगळ्यांची जोडी येऊन बसते. गलका न करता उभं राहिलं, तर मान वळवून अगदी नाण्यावरच्यासारखी आपल्याकडे बघते.