काल काय खाल्लंस?

पुण्याच्या पेठांमध्ये दवाखाना असला की पोलीस भरतीची जाहिरात निघालेली वेगळी कळावी लागत नाही. पाळी चुकलेल्या मुली वाढतात. बहुतेकींच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट असतो आणि निदान त्यांनीच करून आणलेलं असतं, पीसीओडी, म्हणजे पाळी बिघडवणारा बीजकोशांचा विकार.

त्या सोमवारी आलेली मुलगी एम.ए. करत भरतीची तयारी करत होती. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.) आई गावाहून रात्रीच्या एसटीने आली होती. "मॅडम, पोरीचं महिन्याचं बंद झालंय, सात महिने झाले. आम्ही स्थळं बघतोय हिला." त्यामागची दुसरी भीती त्या बोलल्या नाहीत. त्यांना बाहेर बसवलं, मुलीशी एकटीशी बोलले आणि लघवीची चाचणी केली. निगेटिव्ह. ही चाचणी मी सगळ्यांचीच करते, त्यात संशय नसतो.

फाइल जाड होती. दोन वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षी, पाळी चाळीस दिवसांवर गेली म्हणून सोनोग्राफी झाली. 'गाठी' दिसल्या, वजन कमी कर असं सांगितलं गेलं. पोरगी आज्ञाधारक. ५४ किलोवरून ४३ वर आली, उंची १५८ सेंटिमीटर! पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांच्या आत बीजकोशात अशी बारीक बीजं भरपूर दिसणं साधं असतं. २०१८ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वंही त्या वयात सोनोग्राफीवरून पीसीओडी ठरवू नका असंच सांगतात. पीसीओडीत दिसतात तसे हिच्या हनुवटीवर केस नव्हते, मुरमं नव्हती. नाडी मात्र मंद, ५०, आणि मे महिन्यात अंगात स्वेटर.

"काल काय खाल्लंस?"

पहाटे चहा-बिस्किट, मग ग्राउंड. भरतीतल्या ८०० मीटरची वेळ कमी करायची म्हणून रोज त्याच्या कितीतरी पट धावणं, वर गोळाफेक. दुपारी मेसचा डबा, तोही मैत्रिणीबरोबर अर्धा-अर्धा. भात सोडलेला, कारण भाताने वजन वाढतं. रात्री मुरमुरे आणि एक वाजेपर्यंत अभ्यासिका.

घरात पैसा आटला की आधी सणवार थांबतात, शरीराचंही तसंच. खर्च जास्त आणि जमा कमी झाली की मेंदू बीजकोशांकडे जाणारे संदेश मंदावतो, स्त्रीबीज तयार होत नाही, इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घसरतं. पाळी आणायच्या गोळ्या तिने आधीच घेतल्या होत्या, तरी रक्तस्राव झाला नव्हता. इस्ट्रोजेन नसेल तर गर्भाशयाचं अस्तरच वाढत नाही, येणार काय? थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दुधाचं संप्रेरक) नॉर्मल आले, एलएच (मेंदूकडून बीजकोशांना जाणारा संदेश) आणि इस्ट्रोजेन खाली. मला पाळीपेक्षा हाडांची काळजी जास्त होती. इस्ट्रोजेनशिवाय हाडं ठिसूळ होतात, आणि ही रोज त्याच हाडांवर धावणार.

आईला आत बोलावून सांगितलं: आजार नाही, उपास आहे. त्या लेकीकडे बघत राहिल्या. "अगं, डब्याचे पैसे तर पाठवतोय की आम्ही."

"क्लासची फी वाढली, आई."

औषध म्हणून पूर्ण डबा, भात, शेंगदाणे-गूळ, अंडी, दूध लिहून दिलं. धावणं निम्मं. त्यावर ती माझ्याशी चांगलीच भांडली. ग्राउंडच्या परीक्षेत मार्क जातील म्हणाली. शेवटी आठवड्यातून तीन दिवसांवर तडजोड झाली.

वजन ४९ वर यायला पावसाळा संपला. मग एक दिवस सकाळी सकाळी फोन, आवाज वैतागलेला: "मॅडम, आली. पण नेमकी आजच, आज माझं ग्राउंड आहे!"