कॅम नदीवरची नवशिकी बोट

मुलुंडला घरी आलेय. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण दोनच प्रश्न विचारतो: नोकरीचं काय झालं, आणि हातांना काय झालं? पहिल्याचं उत्तर मलाही माहीत नाही. दुसऱ्याचं मात्र सविस्तर देता येईल.

हे घट्टे वल्ह्याचे आहेत. केंब्रिजला एमफिल करायला गेले आणि ऑक्टोबरात टर्म सुरू होताच कॉलेजच्या बोट क्लबात नाव नोंदवलं. त्याआधी खेळाशी माझा संबंध शाळेतल्या खो-खोपुरता होता, आणि तोही क्लास लागल्यावर सुटला. मुंबईत खेळायचं म्हणजे सातव्या-आठव्या वर्षी किटबॅग खांद्याला लावून शिवाजी पार्कात उतरायचं आणि दहावीपर्यंत नाव झालं नाही की बॅग माळ्यावर टाकायची. तेविसाव्या वर्षी ‘मला पहिल्यापासून शिकवा’ म्हणत कुठल्या क्लबात गेलं तर सेक्रेटरी चष्मा काढून बघेल.

तिथे अशा माणसांची रीतसर सोय आहे. नवशिक्यांच्या बोटी वेगळ्या, शर्यती वेगळ्या. त्यातल्या एका शर्यतीत तर चित्रविचित्र वेश करून वल्हवायचं असतं, म्हणजे हरलं तरी निदान फोटो चांगले येतात. शिकवायला बहुतेक वेळा गेल्या वर्षीचे नवशिके. पोहता येतं का, एवढी चौकशी होते. बाकी तुम्ही आजवर काय जिंकलंत हे कुणी विचारत नाही. दहावीपासून टक्केवारीवर मोजून घ्यायची सवय लागलेल्या मला सुरुवातीला याचीच भीती वाटली होती.

पहिले धडे जमिनीवर, अर्ग नावाच्या वल्हवण्याच्या सरावयंत्रावर. वल्हवणं हातांचं काम आहे हा समज तिथेच मोडतो. जोर मुख्यतः पायांचा. बैठक चाकांवर पुढेमागे सरकते. आधी पायांनी रेटायचं, मग पाठ मागे, शेवटी हात छातीशी. परत जाताना नेमकं उलट: हात, पाठ, पाय. आठ जणींची बोट साधारण १७-१८ मीटर लांब आणि रुंदीला जेमतेम दोन फूट. कुणी नुसती मान वळवली तरी कलते. म्हणून सुरुवातीला आठही जणींना एकदम वल्हवू देत नाहीत. काही जणी वल्ही पाण्यावर आडवी धरून तोल सांभाळतात, बाकीच्या वल्हवतात. वल्हं चुकीच्या कोनात पाण्यात शिरलं की पाणी ते धरून ठेवतं आणि दांडा उलटा येऊन पोटात बसतो. कोच काठावरच्या वाटेनं सायकलवर ओरडत येत असतो. समोरून सायकलवाले, कुत्रीवाले, डोळे नदीवर. तो अजून कशाला आपटला नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

हे सगळं व्याख्यानांच्या आधी, पहाटे. नदीचा प्रवाह धोक्याचा असेल तर लाल झेंडा जाहीर होतो, मग कुणीच पाण्यात उतरत नाही. हिवाळ्यातल्या त्या सकाळी आम्ही लाल झेंड्याची वाट किती आतुरतेनं पाहायचो ते कॅप्टनला न सांगितलेलंच बरं.

काकांना वेगळीच शंका. “अगं, तुम्ही पाठ करून बसता, मग पुढचं दिसतं कसं?”

“दिसतच नाही, काका. लोकलमध्ये उलट्या दिशेची सीट मिळाल्यासारखं. समोरचीची पाठ तेवढी दिसते.”

“आणि धडकलात तर?”

धडकायचंच असतं, हे ऐकल्यावर त्यांनी चहा खाली ठेवला.

कॅम इतकी अरुंद आहे की आठाच्या बोटी शेजारी-शेजारी पळवताच येत नाहीत. त्यावरचा उपाय म्हणजे बम्प्स, केंब्रिजात १८२७ पासून चालू. एका गटात साधारण १७ बोटी एकामागे एक उभ्या करतात, दोन बोटींमध्ये दीड बोटीएवढं अंतर. तोफ तीनदा वाजते: चार मिनिटं उरली की एक, एक मिनिट उरलं की दुसरी, आणि तिसरीला सगळ्यांनी सुटायचं. पुढच्या बोटीला गाठून शिवायचं, मागचीला आपल्याला शिवू द्यायचं नाही. शिवलं की दोन्ही बोटी काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल. असे चार दिवस. उन्हाळ्यातल्या शर्यतींचं नाव मे बम्प्स, आणि त्या होतात जूनमध्ये.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. चौथ्या दिवशी तुमची बोट ज्या क्रमांकावर संपते, तिथूनच पुढच्या वर्षी तुमच्या कॉलेजची बोट सुरू होते. म्हणजे मी ज्या जागेवरून निघाले ती मला कधीही न भेटलेल्या मुलींनी मिळवलेली किंवा घालवलेली होती. यंदा एका संध्याकाळी आम्ही पुढच्या बोटीला शिवलो. रिवाजाप्रमाणे विलो झाडाच्या डहाळ्या केसांत खोवून बोटहाउसकडे परतलो. दुसऱ्या एका दिवशी मागच्या बोटीनं आम्हाला गाठलं. हिशेब शून्यावर. पुढच्या वर्षी त्याच जागेवर कोण बसणार, कुणास ठाऊक.

हे सगळं वाचून ‘तिकडे किती छान’ म्हणू नका. कॉलेजांची स्वतःची बोटहाउसं आहेत, शतकानुशतकांचा पैसा आहे, म्हणून शिकाऊंच्या हाती महागडी बोट देणं परवडतं. पण आपल्याकडे मोठेपणी शिकलेला वल्हेकरी होत नाही, असंही नाही. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर वल्हवायला शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तो १३वा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या बोटीत त्याला सुवर्णपदक मिळालं. दुष्काळी भागातला तरुण! सैन्यानं त्याला नवशिका म्हणून उभं केलं. पुण्यात सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब आहे, त्यांची रेगाटा, म्हणजे बोटींचा सोहळाही होतो. समुद्रानं वेढलेल्या मुंबईतल्या सामान्य कॉलेजच्या मुलीला मात्र हातात वल्हं धरायला कुठे पाठवायचं, हे मला कुणी सांगू शकलेलं नाही.

माझी मावसबहीण येत्या सप्टेंबरात इंग्लंडला शिकायला जातेय. उंची पाच फुटांच्या आतबाहेर, वजन बेताचं, आवाज मात्र आमच्या सगळ्या सोसायटीला माहीत. “मला नाही झेपणार तुझं ते ओढणं,” म्हणाली. तिला सांगितलं, ओढू नकोस, कॉक्स हो. बोटीत पुढे तोंड करून बसणारी ती एकटीच. सुकाणू तिच्या हाती, हुकूम तिचे आणि बाकीच्या आठांनी मुकाट ऐकायचं. वजन कमी असलेल्या मोठ्या आवाजाच्या माणसांचा क्लबांना कायम तुटवडा. पुरुषांच्या बोटीलाही मुली कॉक्स असतात. हे शेवटचं ऐकल्यावर तिनं पोहायच्या क्लासची चौकशी सुरू केली आहे.