'दॅट्स ओके' म्हणजे 'चालेल' की 'राहू दे'?

आमच्या अनुवादसंस्थेतून परदेशी ग्राहकांना जाणारी इंग्रजी पत्रे शेवटी माझ्या नजरेखालून जातात. त्या दिवशी सकाळी गेलेले एका ओळीचे उत्तरही मीच वाचून पुढे पाठवले होते आणि त्यात मला काहीही खटकले नव्हते. एका औषधासोबतच्या माहितीपत्रकाचा आम्ही मराठी अनुवाद केला होता. छपाईपूर्वी अंतिम प्रूफ, म्हणजे तपासणीची प्रत, पुन्हा एकदा पाठवू का, असे ग्राहकाने विचारले होते. त्यावर नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याने लिहिले होते, 'दॅट्स ओके, थँक यू.'

दुपारपर्यंत प्रूफ आले नाही म्हणून मी फोन केला, तेव्हा छपाई सुरू झाल्याचे कळले. "तुम्हीच नको म्हणालात ना?" पलीकडच्या बाईंच्या आवाजात खरेखुरे आश्चर्य होते. छपाई थांबवून त्यांनी प्रूफ पाठवले. त्यात मात्रेच्या ओळीत आकडा होता, पण त्यापुढचा 'मिलिलिटर' हा शब्द गळला होता. तोवर छापलेल्या सगळ्या प्रती रद्द कराव्या लागल्या.

"मॅडम, मी तर 'चालेल' असंच लिहिलं होतं," सहकारी म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कुणी काही सुचवले तर आपण 'चालेल' म्हणतो, देऊ केलेली गोष्ट नको असेल तर 'राहू दे' म्हणतो आणि कुणी क्षमा मागितली तर 'असू दे' म्हणतो. इंग्रजीत मात्र ही तिन्ही कामे एकटा 'दॅट्स ओके' करू शकतो आणि त्यातले कोणते काम चालले आहे, हे आधी काय विचारले गेले यावरून ठरते. समोरच्याने काही देऊ केले असेल तर त्याचा कल नकाराकडे झुकतो, आणि मागोमाग 'थँक यू' आले की वाचणारा तो नकारच समजतो. अशा वेळी 'आय ॲम गुड' म्हणणे तर सरळ 'नको' म्हणणेच होय. होकार द्यायचा असेल तर 'येस, प्लीज' लिहावे. त्यात शंकेला जागा उरत नाही.

मी त्याला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमान-अपघाताविषयी सांगितले. 27 मार्च 1977 रोजी तेथील धावपट्टीवर दोन बोइंग 747 विमाने एकमेकांवर आदळून 583 माणसे मृत्युमुखी पडली. त्यामागे दाट धुक्यासह अनेक कारणे होती. पण वैमानिकाच्या संदेशाला नियंत्रकाने दिलेले उत्तर 'ओके' या शब्दाने सुरू झाले आणि 'थांबा' असे सांगणारा त्याचा पुढचा भाग, दुसऱ्या विमानाचा संदेश त्याच क्षणी आल्यामुळे, कर्कश आवाजात बुडाला, हेही त्यांपैकी एक होते. विमानवाहतुकीच्या ठरीव भाषेत 'रॉजर' म्हणजे केवळ 'तुमचा संदेश पूर्ण मिळाला', 'विल्को' म्हणजे 'मिळाला आणि त्याप्रमाणे करतो', आणि होकारासाठी 'अफर्म' हा वेगळाच शब्द आहे. पत्रव्यवहारात अशी शिस्त कुणी घालून दिलेली नसल्याने ती आपणच पाळावी लागते, असे मला मनापासून वाटते.

संध्याकाळी त्या बाईंचेच क्षमापत्र आले: आपण पुन्हा विचारून खात्री करायला हवी होती, असे त्यांनी लिहिले होते. सहकाऱ्याने उत्तरासाठी तीन पर्याय काढले. 'डोन्ट वरी' मला नको वाटले, कारण त्यात समोरची व्यक्ती काळजीत आहे आणि आपण तिला धीर देतो आहोत, असा थोडा वडीलकीचा सूर येतो. 'नेव्हर माइंड' म्हणजे आपले 'जाऊ दे'. त्यांनी एवढ्या आस्थेने लिहिलेली गोष्ट त्याने बाजूला सारल्यासारखी झाली असती. 'नो प्रॉब्लेम' रोजच्या व्यवहारात खपून जाते, पण प्रती रद्द झाल्या असताना अडचण आलीच नाही, असे कसे लिहायचे? शिवाय या तिन्हींमध्ये क्षमा करणारे आम्ही ठरत होतो.

अखेर आम्ही लिहिले, 'नॉट ॲट ऑल, द मिस्टेक वॉज अवर्स.' त्याखाली दुरुस्त प्रूफ आम्हाला पुन्हा पाहायचे आहे, ते कृपया पाठवावे, असे वेगळ्या ओळीत स्पष्ट लिहिले आणि पत्र पाठवण्यापूर्वी ती ओळ दोघांनीही मोठ्याने वाचली.