चार्जिंगचं लफडं: अल्टरनेटर निर्दोष सुटला

गाडीची बॅटरी नीट चार्ज होत नव्हती, दोष बॅटरीत की अल्टरनेटरमध्ये (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) ते शोधायचं होतं. बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, तिथून पुढचं अपडेट. हेडलाइट दोन मिनिटं लावून वरवरचा चार्ज घालवला, थोडं थांबून मोजलं तर १२.६ व्होल्ट, म्हणजे फुल. सेल्फ मारताना पण १०.३ च्या खाली गेली नाही, ९.६ च्या खाली गेली असती तर बॅटरीवर संशय घेतला असता.

पण इंजिन चालू करून हेडलाइट, ब्लोअर, डिफॉगर सगळं लावलं आणि आरपीएम जरा वर धरला तरी बॅटरीवर १२.८ च! जुनी गाडी आहे, रेग्युलेटर (व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) अल्टरनेटरच्या पोटातच, त्यामुळे १३.८ ते १४.५ हवं. (नवीन गाड्यांत ईसीयू (गाडीचा कंप्युटर) चार्जिंग स्वतः कमीजास्त करतो, तिथे नुसता हा आकडा बघून अल्टरनेटर उतरवू नका.) बेल्ट टाइट आहे, स्लिप नाही.

आता खरी मजा. सगळा लोड चालू ठेवून मीटर थेट अल्टरनेटरच्या बी प्लस (वीज बाहेर देणारा टर्मिनल) आणि त्याच्याच बॉडीवर लावला तर १४.१!! म्हणजे तो बिचारा व्यवस्थित बनवतोय, मधेच कुठेतरी गळतंय. मग वाटेत किती व्होल्ट हरवतायत ते मोजलं: अल्टरनेटर बॉडी ते बॅटरी मायनस ०.०६, उत्तम, आणि सेल्फ जोरात फिरत होता तेव्हाच अर्थिंग बरं असणार असं वाटलेलं. बी प्लस ते बॅटरी प्लस मात्र १.२४, जिथे ०.२ च्या आसपास चालतं. ५० अँपिअर जात असतील असं धरलं तर ६० वॉट नुसते त्या वायरीत जळतायत, सोल्डरिंग आयर्नच म्हणा ना.

बॅटरीचा मायनस आधी काढला (बी प्लस कायम लाइव्ह असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणग्या) आणि रबराची टोपी मागे सरकवली तर लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवागार, आतल्या तारा काळ्या पडून निम्म्या तुटलेल्या. खराब भाग कापून नवीन लग क्रिम्प केला (दाबून बसवला). आता फुल लोडवर बॅटरीला १३.९, आणि मीटर एसीवर टाकून बघितलं तर रिपल (डीसीत उरलेला एसीचा अंश) ०.०४, म्हणजे अल्टरनेटरमधले डायोड (एसीचं डीसी करणारे) पण ठीक दिसतायत.

चालू इंजिनवर बॅटरीचा टर्मिनल काढून अल्टरनेटर तपासायची जुनी ट्रिक कोणी सुचवणार असेल तर नको, व्होल्टेज उसळून ईसीयू उडू शकतो.

राहिलं एकच, गाडी बंद असताना करंट कोण खातंय ते. दारं लॉक करून सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कंप्युटर) झोपेपर्यंत अर्धा तास थांबायचं आणि मग ५० मिलीअँपिअरच्या आत येतंय का बघायचं, मीटर सिरीजमध्ये असताना सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज गेलाच.