टाकीपासून राइड हाइटपर्यंत: आमची वाटचाल

रेस कारच्या इंधनटाक्या बसवणं, एवढंच आमचं सुरुवातीचं काम. पत्र्याचा डबा, त्यात रबरी कापडाची ब्लॅडर, म्हणजे पेट्रोल धरणारी पिशवी, ब्लॅडरच्या आत फोम. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या एफटी३-१९९९ मानकाच्या ब्लॅडरची मुदत बनवल्यापासून ५ वर्षं असते, म्हणून तिच्यावरची तारीख वाचल्याशिवाय आम्ही जुन्या टाकीला हात लावत नाही. त्यात कुणालाही सूट नाही.

तेव्हा येणारी तक्रार बहुधा एकच: टाकीत पेट्रोल असूनही लांब वळणावर इंजिन अडखळतं. जोरात वळताना पेट्रोल एका अंगाला चढतं आणि पंप हवा ओढतो. टाकीतच छोटं कलेक्टर भांडं बसवायचं, लिफ्ट पंपाने, म्हणजे टाकीतलं पेट्रोल उचलून भांड्यात टाकणाऱ्या छोट्या पंपाने, ते सतत भरतं ठेवायचं आणि मुख्य पंपाने त्याच्या तळातून ओढायचं, हा त्यावरचा उपाय. या कामाने आमचं नाव झालं.

मग ड्रायव्हर दुसरंच सांगू लागले. सुरुवातीला गाडीचं नाक वळत नाही आणि शेवटच्या लॅप्सना मागची बाजू हलकी लागते. टाकी तर चोख होती. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. ४० लिटर पेट्रोल म्हणजे साधारण ३० किलो. टाकी मागच्या अ‍ॅक्सलवर असेल तर मागच्या प्रत्येक चाकावर १५ किलो. स्प्रिंग मिलिमीटरला १०० न्यूटनची, मोशन रेशो (चाक जितकं हलतं त्याच्या किती पट स्प्रिंग दबते ते) ०.७, रेशोचा वर्ग धरला की चाकाशी मिलिमीटरला ४९ न्यूटन उरतात. म्हणजे भरलेली टाकी मागची बाजू ३ मिलिमीटर खाली बसवते, आणि टाकी अ‍ॅक्सलच्याही मागे असेल तर त्याहून जास्त. डिफ्यूझर (गाडीच्या मागच्या तळाचा वर चढत जाणारा भाग) असलेल्या गाडीचा रेक, म्हणजे पुढच्या-मागच्या उंचीतला फरक, एवढा बदलला की डाउनफोर्सचा, म्हणजे गाडीला खाली दाबणाऱ्या हवेच्या जोराचा, पुढचा-मागचा तोल सरकतोच.

तिथून आम्ही सस्पेन्शनही हातात घेतलं. सगळ्यात जास्त वेळ जातो तो प्रत्येक चाकाखाली एक असे वजनकाटे मांडण्यात. चारही काटे एका पातळीत नसतील तर पुढचं सगळं मोजमाप फुकट. मग टायरमध्ये ठरलेली हवा, सीटवर ड्रायव्हरच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, अँटी-रोल बारची (वळणावर गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याची) एक लिंक सुटी, आणि गाडी पुढेमागे ढकलून सस्पेन्शन मोकळं. एका कोपऱ्याची स्प्रिंग चढवली की तिरक्या समोरच्या चाकावरही वजन वाढतं, म्हणून राइड हाइट, म्हणजे गाडीची जमिनीपासूनची उंची, आणि क्रॉस वेट, म्हणजे तिरक्या समोरासमोरच्या दोन चाकांवरचा एकूण वजनातला वाटा, सोबतच बघावे लागतात. क्रॉस वेट आम्ही ५० टक्क्यांजवळ आणतो. हे सगळं पेट्रोल किती धरून करायचं, ते ड्रायव्हरशी बोलून ठरतं. लांब शर्यतीसाठी आमचं मत अर्ध्या टाकीचं; भरलेल्या आणि रिकाम्या टाकीचे आकडेही त्याच कागदावर लिहून देतो.

हल्ली कुणी नुसती टाकी बसवायला आलं, तरी जागा आखण्याआधी आम्ही गाडी काट्यावर चढवतो.