शेवटच्या बाकापर्यंत

ऑगस्टचा शेवटचा रविवार म्हणजे आमच्या भायखळ्याच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, युवक रविवार. त्या दिवशी पाळकसाहेब पहिल्या बाकावर बसतात, फक्त आशीर्वादापुरते उठतात. गीतं, शास्त्रपाठ, प्रार्थना, अर्पण सगळं पोरं बघतात आणि त्यांतले तिघं संदेश देतात. त्या तिघांना उभं करायचं काम १९ वर्षं माझ्याकडे आहे. शाळेतून मला निवृत्त केलं, यातून करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

उपासनेनंतरच्या स्नेहमेळाव्याबद्दल फार लिहीत नाही. स्वागत, गुलाबाची फुलं, अहवाल. अध्यक्षांचं भाषण दरवर्षी १८१३ मध्ये सुरू होतं, हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले तिथून. ते १८९५ला, म्हणजे नारायण वामन टिळकांच्या बाप्तिस्म्याला पोचेपर्यंत समोसे गार झालेले असतात. आज टिळक किती वाजता येणार, यावर मागच्या बाकांवर पैजा लागतात. एकदा मीही लावली होती. हरले.

माझा जीव शनिवारांत आहे. जुलैपासून आठ शनिवार, संध्याकाळी सहाला, रिकाम्या चर्चमध्ये. आमची बहुतेक पोरं इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी फाडफाड बोलतात, पण लिहायला सांगितलं की मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करतात. मी चालवून घेते. जे चालवून घेत नाही ते म्हणजे यूट्यूबवरून उचललेली गरुडाची गोष्ट. गरुड आमच्याकडे बंद आहे.

बायबलचा उतारा आधी तीनदा मोठ्यानं वाचायचा. कोण बोलतंय, कुणाशी, त्याआधी काय घडलं, एवढं कळेपर्यंत पेनाला हात लावायचा नाही. मग आपल्याला काय सांगायचंय ते एका वाक्यात, आईला फोनवर सांगता येईल असं. फारच जड मराठी आली की मी कपाटातून पंडिता रमाबाईंच्या बायबलची जुनी प्रत काढते. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून भाषांतर केलं ते साध्यासुध्या बायाबापड्यांना कळावं म्हणून. सगळं छापून निघालं १९२४ला, त्या गेल्यानंतर. त्यांना एवढी विद्या असून सोपं लिहावंसं वाटलं, मग तुला 'सार्वकालिक' (म्हणजे साधं 'कायमचं') तीनदा कशाला लागतो, असं विचारलं की पोरं गप्प होतात.

बोलायला सात मिनिटं. समोर गजराचं घड्याळ. कागद चालेल, मोबाइल नाही, कारण एका वर्षी डोंगरावरील प्रवचनाच्या ऐन मध्यावर पिझ्झावाल्याचा फोन आला होता. मी शेवटच्या बाकावर बसते, पंखे पूर्ण सोडून. ऐकू आलं नाही की हात वर करते. आपल्या मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि घाबरलेलं पोर नेमकं तेच गिळतं. "देव आपल्याला कधीच सोडत" इथपर्यंत माझ्याकडे येतं, 'नाही' तिकडेच राहतो. अहो, सगळी सुवार्ता त्या 'नाही'मध्ये आहे!

तीन वर्षांपूर्वी एका मुलानं प्रेषितांची कृत्ये, विसावा अध्याय घेतला. पौलाचं प्रवचन ऐकता ऐकता झोपलेल्या युतुखाची गोष्ट. मी धसकलेच. त्याचे वडील रात्रपाळीचे वॉचमन. ड्युटी सुटली की घरी न जाता थेट उपासनेला यायचे, शेवटच्या बाकावर पंख्याखाली बसायचे आणि दुसऱ्या गीताला झोपायचे. कधी घोरायचेही. बारकी पोरं खिदळायची. एक ज्येष्ठ गृहस्थ तर छत्रीच्या मुठीनं त्यांना ढोसायचे. आठव्या शनिवारपर्यंत मुलानं मला शेवटचा भाग दाखवला नाही.

रविवारी तो उभा राहिला. प्रेषित पौल त्रोवस शहरात मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, माडीवर पुष्कळ दिवे होते, खिडकीत बसलेल्या तरुणाला झोप लागली. इथं लोक हसतात, तसे हसले. तो थांबला. हे थांबणं मी शिकवलेलं नव्हतं. मग म्हणाला, "युतुख दिवसभर कुठे होता ते लिहिलेलं नाही. तेव्हा रविवारची सुट्टी नव्हती. कामावरून आला असेल. तरी आला. तिसऱ्या मजल्यावरून पडला, तेव्हा पौल भाषण सोडून खाली गेला आणि त्यानं त्याला कवटाळलं. झोपलास का, असं त्याला कुणी विचारल्याचं मला सापडलं नाही. बाईंनी सांगितल्याप्रमाणे तीनदा वाचलं."

आणि खाली बसला. चार मिनिटंसुद्धा झाली नव्हती. वडील झोपलेलेच होते. छत्री हलली नाही. आशीर्वादाला ते दचकून जागे झाले, दारात मला गाठून म्हणाले, "सलाम बाई. पोरगं कसं बोललं?" म्हटलं, "एकही क्रियापद गिळलं नाही."

त्या दिवशी अर्धे बाक रिकामे होते, याचा मला अजून राग आहे. तरुण पिढी चर्चला येत नाही म्हणून दर सभेत हळहळणारे चार पंच, म्हणजे चर्चचे कारभारी, त्या दिवशी आले नाहीत. कारण काय, तर मेगाब्लॉक. उपासना साडेआठची, ब्लॉक त्यानंतर लागतो. मी डोंबिवलीहून येते, मला सांगू नका. कापणीच्या सणाला कोंबड्यांचा लिलाव असतो तेव्हा हीच मंडळी आठला हजर.

असो. आभार. मागे नावं छापली आणि एक राहिलं, त्या बाई दोन नाताळ माझ्याशी बोलल्या नाहीत. म्हणून यंदा नावं नाहीत. चर्चची किल्ली घेऊन पावसात आठही शनिवार येणारे काका. पेटीवाले आणि त्यांना ऐन वेळी पट्टी बदलून देणारा तबलजी. महिला मंडळाच्या चहावाल्या तिघी, आणि साखर आणणारी चौथी. माईकवाला दादा, ज्यानं माईक तोंडापासून एक वीत ठेवायला शिकवलं. फुलं दादरहून आणणारी जोडी. शब्बाथशाळेच्या, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गाच्या बाई, ज्यांनी या पोरांकडून पहिल्यांदा वचनं पाठ करून घेतली. बाक पुसणारी मुलं, यात ती उंच मुलगी धरून पाच.

गजराच्या घड्याळात नवा सेल कुणी घातला ते मात्र कळलेलं नाही. त्यांनी मला उपासनेनंतर भेटावं, सेलचे पैसे द्यायचे आहेत.