लातूरची इंग्रजी शिक्षकांची परिषद, लेखकांच्या गप्पा आणि येळवशीचं जेवण

दोन दिवसांची परिषद होती, शनिवार-रविवार, आणि सोमवारी येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, शेतात जाऊन पूजा करून तिथेच जेवायचा इकडचा सण. ही तारीख आयोजकांनी मुद्दाम धरली होती का तशी जुळून आली माहीत नाही, पण पुढच्या वेळी कुणी जाणार असेल तर पहिली गोष्ट ही सांगते की असं जुळत असेल तर सोमवार सोडू नका, रजा टाका.

मी परभणीकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. एसटीने गेले, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत. बायकांना निम्मं तिकीट आहे त्यामुळे एसटी परवडतेच, आणि रेल्वेने यायचं तर नांदेड-पनवेल गाडी परभणी-परळीवरून लातूरला जाते. फक्त एक लक्षात ठेवा, लातूर रोड आणि लातूर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत, मधे तीसेक किलोमीटरचं अंतर आहे. हैदराबादकडून आलेल्या दोन मॅडम रात्री लातूर रोडला उतरल्या आणि तिथून जीप शोधत बसल्या, थंडीत. तिकीट काढताना नाव नीट वाचा. आणि डिसेंबरात इकडे रात्री चांगलंच गारठतं, लॉजवर पातळ चादर मिळते, शाल-स्वेटर घरून न्या.

निघायच्या आधी मुख्याध्यापकांकडून ऑन ड्युटीचं पत्र घेऊन ठेवा, त्याची झेरॉक्सही. शेवटी हजेरीचं प्रमाणपत्र मिळतं पण ते रविवारी संध्याकाळी, म्हणून दुपारीच निघून जाणाऱ्यांना ते घेता आलं नाही.

आता खरं जे सांगायचंय ते. परिषदेत पेपर वाचन होतं, तंत्रज्ञानावर एक सेशन होतं, ते ठीक. मी गेले होते ते लेखकांना ऐकायला. आपण वर्षानुवर्षं धडे शिकवतो, लेखकाचा परिचय चार ओळींत फळ्यावर लिहितो, पण वाक्य लिहिताना त्या माणसाला काय अडलं असेल हे कधी विचारायला मिळत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, माझी मुलं पहिलीपासून ही भाषा शिकून माझ्याकडे येतात आणि तरी दहा वाक्यं स्वतःच्या मनाने लिहा म्हटलं की गाइडमधली सहल लिहितात, हिल स्टेशनची, जे त्यांनी कधी पाहिलेलं नाही. हा प्रश्न घेऊन मी गेले होते.

पहिल्या दिवशीचं पहिलं सत्र मात्र वाईट वाटावं असं झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रत्येक पाहुण्याचा परिचय, सगळ्यात सव्वा तास गेला आणि लांबून आलेल्या लेखकाला पंचवीस मिनिटं राहिली. मला हे मनापासून खटकलं. लोक पदरच्या पैशाने आले होते, सत्कार जेवणानंतरही करता आला असता.

पण ती पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही. ते लेखक मूळचे औसा तालुक्यातले, आता बाहेर राहतात, इंग्रजीत लिहितात. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी शाळकरी होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं, आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. त्यांनी आपल्या पुस्तकातलं एकच पान वाचलं आणि पुस्तक मिटून मराठीत बोलायला लागले. म्हणाले, मला या पानावर एका शब्दाने दीड महिना अडवलं, तो शब्द म्हणजे माळवद. इंग्रजीत रूफ लिहिलं तर वाचणाऱ्याला पत्रा दिसेल नाहीतर कौलं दिसतील. आमचं माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर पाला आणि वर हातभर पांढरी माती, दर पावसाळ्याआधी आणखी एक थर. त्यावर आम्ही उन्हाळ्यात झोपायचो, मिरच्या वाळत घालायचो, पतंग उडवायचो. त्या पहाटे जवळजवळ दहा हजार माणसं गेली त्यात कितीतरी त्या मातीच्या आणि दगडी भिंतींच्या ओझ्याखाली गेली. मग त्यांनी माळवद हा शब्द तसाच ठेवला, आणि आधीच्या दोन पानांत आजीला त्याच माळवदावर मिरच्या पसरताना दाखवलं, म्हणजे पडायच्या आधी ते वाचणाऱ्याच्या ओळखीचं होतं.

सभागृहात कुणी हललं नाही. लातूर-धाराशिवचे बरेच शिक्षक होते, त्यांच्या घरातलं कुणी ना कुणी त्यात होतंच.

प्रश्नांना वेळच नव्हता, म्हणून मी जेवणाच्या रांगेत त्यांना गाठलं. माझा सल्ला हाच, स्टेजवर प्रश्न विचारायला धडपडू नका, तिथे माइक फिरतो तोपर्यंत वेळ संपते आणि कुणीतरी प्रश्न म्हणून भाषणच करतं. जेवताना बोला. पण त्यांना आधी दोन घास खाऊ द्या, आणि सेल्फी सगळ्यात शेवटी. आपल्या गावच्या लोकांच्या घोळक्यात ताट घेऊन बसू नका, रिकामी खुर्ची दिसेल तिथे अनोळखी माणसाशेजारी बसा. मी असंच एका अनुवादक मॅडमशेजारी बसले, पुण्याहून आल्या होत्या, त्या मराठीतून इंग्रजीत करतात, आणि पुढचे दोन दिवस माझी सगळी जेवणं त्यांच्याच टेबलावर झाली.

जेवण दोन्ही दिवस साधं आणि उत्तम होतं. सकाळी सुशीला, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची फोडणी, बाहेरच्यांना पोह्यांसारखं वाटतं पण तसं नाही, चाखून बघा. दुपारी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांगं आणि बोरसुरीच्या तुरीचं वरण. बोरसुरी निलंगा तालुक्यात आहे, तिथल्या डाळीला २०२४ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, वाढणारे सर हे प्रत्येक टेबलावर सांगत होते आणि खरंच त्या वरणाला नुसतं तूप-मीठ पुरेसं होतं. एका रात्री निलंगा राइस होता. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी ताक आधीच घेऊन ठेवा. पाणी ताटापुरतंच घ्या, अर्धे ग्लास सोडून उठू नका. ज्या शहराला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथले लोक बोलत नाहीत पण बघतात.

पुस्तकांच्या स्टॉलचंही सांगते. लेखकाचं भाषण व्हायच्या आधी पुस्तक घ्या, नंतर उरत नाही. आत नेटवर्क नव्हतं, यूपीआय गोल गोल फिरत राहिलं, रोख पैसे न्या. सही घेताना मी माझ्या नावाऐवजी शाळेच्या वाचनालयाच्या नावाने घेतली, तसं करा, मुलं ते पान उघडून पुन्हा पुन्हा बघतात. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा, एका कवयित्रीने स्पष्ट नको म्हटलं आणि ते बरोबर होतं. आणि येताना त्या लेखकाचं निदान एक काहीतरी वाचून या.

रविवारी रिकाम्या वेळेत गंजगोलाईत चक्कर मारली. १९१७ सालची गोल बाजारपेठ, मधे देवीचं देऊळ आणि सोळा रस्ते येऊन मिळतात, कुठल्या रस्त्याने आत आलो ते परत सापडत नाही. येळवशीच्या आदल्या संध्याकाळी तिथे गर्दी विचारू नका. पण दुसऱ्या दिवशीचं आत्ताच सांगून ठेवते, शहर ओस पडतं. सगळे शेतात. हॉटेलं बंद, रिक्षा नाहीत, जिल्ह्याला सुट्टी असते. ज्याला कुणी शेतात नेणारं नाही त्याने आदल्या रात्रीच खायचं काहीतरी घेऊन ठेवावं. खरं तर कुणी तसं राहू देत नाही म्हणा. आम्हा बाहेरच्या सात-आठ जणांना इथल्या एका सरांनी जेवणातच आमंत्रण देऊन टाकलं होतं.

त्यांचं शेत औश्याच्या रस्त्यावर. हरभरा घाट्यात आलेला, ज्वारी छातीएवढी. कडब्याची कोप म्हणजे खोपटं केलेलं, आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव म्हणजे पाच दगड. सरांच्या आई डोक्यावर आंबिलाचं मडकं घेऊन बांधावरून आल्या. पूजा झाली, मग पोरं आंबील शिंपडत शेताला फेरी मारून आली, ओलगे ओलगे सालम पोलगे ओरडत. अनुवादक मॅडमनी विचारलं याचा अर्थ काय, कुणालाच नीट सांगता येईना. कन्नडमधून आलंय एवढं सर म्हणाले, शेजारी कर्नाटकात हीच अमावास्या एळ्ळ अमावास्या म्हणून करतात, एळ्ळु म्हणजे तीळ.

मग जेवायला बसलो, मातीवर, घोंगडी अंथरून. भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, तिळाची पोळी, खीर. भज्जी म्हणजे आपली तळलेली भजी नव्हे, हरभरा, तूर, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, पातीचा कांदा, मेथी, चिंच, बेसन लावून घट्टसर शिजवलेली. आणि आंबील, ताकात आंबवलेलं ज्वारीचं पीठ, लसूण लावून, गार. आम्ही सगळे इंग्रजीचे शिक्षक, आणि भज्जीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर वाद सुरू झाला. करी म्हणा, स्टू म्हणा. एक सर म्हणाले मिक्स व्हेज. सरांच्या आई ऐकत होत्या, त्यांनी विचारलं, "मग आमच्या येळवशीला काय म्हनतेत विंग्रजीत?"

अनुवादक मॅडम म्हणाल्या, "येळवसच म्हणतात आजी. फक्त पुढं सांगावं लागतं, तुम्ही काय काय केलंत ते."

"मग सांगा की नीट," असं म्हणून त्यांनी मॅडमच्या तांब्यात आणखी आंबील ओतलं.

जानेवारीत मी नववीला निबंध दिला. आमच्याकडे येळवस करत नाहीत म्हणून हुरडा दिला. गाइड बंद, आणि नियम एकच, ज्याला इंग्रजी शब्द सापडणार नाही तो शब्द तसाच लिहायचा आणि पुढे दोन वाक्यांत दाखवायचा. एका मुलाने आगटी हा शब्द ठेवला. पुढे लिहिलं, जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्या, काका फुंकतो आणि धूर माझ्याच डोळ्यात येतो, मी जागा बदलली की धूरही बदलतो. क्रियापदाचे दोन काळ चुकले होते. पण हे कुठल्याच गाइडमध्ये नाही, हे त्याने पाहिलेलं आहे. मी ते वर्गात दोनदा वाचून दाखवलं.

परतीचं तिकीट येळवशीच्या संध्याकाळचं काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळचं काढा. संध्याकाळी कडब्याचे पेटते हेंडगे, म्हणजे मशालीच, घेऊन पोरं पळतात ते बघायला थांबा. आणि निघताना कुणीतरी बाटलीभर आंबील देईलच, नको म्हणू नका, फक्त बाटली गळ्यापर्यंत भरू नका आणि झाकण सैल ठेवा, एसटीच्या हादऱ्यांनी ते अंबाजोगाईच्या आत फसफसून वर येतं.